खाज, लाज आणि एक ट्यूब

पाऊस लागला, की आमच्या खोताच्या वाडीत कपडे वाळवायची पंचाईत सुरू होते. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून आत वळलं, की ही वाडी लागते. कौलारू लाकडी घरं, पुढे व्हरांडा, बाहेरून माडीवर जाणारा जिना. दादोबा वामन या खोतांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना इथे जागा दिली आणि वाडीला खोतांचं नाव पडलं. कधी काळी पासष्टेक घरं होती, आता तिशीच्या आत आली आहेत. बाकी भोवताली चाळी आणि नव्या उंच इमारती. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की जुलै-ऑगस्टमध्ये ऊन म्हणजे पाहुणाच. मग घराघरांत आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर अर्धओले कपडे, वर पंखा फुल्ल, आणि सकाळच्या घाईत तेच दमट कपडे अंगावर!

तुमच्याकडे अंगण असेल, गच्ची असेल. पण श्रावणात आठ-आठ दिवस झड लागली, की तुमच्याही घरात हेच चित्र असतं. अंतर्वस्त्रांचं तर विचारूच नका. ती दोरीवरही सगळ्यांच्या मागे, टॉवेलखाली झाकून घालायची. म्हणजे जे कपडे अंगाला सगळ्यात घट्ट चिकटतात, त्यांनाच वारा सगळ्यात कमी.

मी गेली काही वर्षं महिला मंडळाच्या आरोग्याच्या कामात आहे. चर्चा ठेवली, की बायका गुडघ्यांबद्दल बोलतात, बीपीबद्दल बोलतात. हल्ली पाळी जाण्याबद्दलही मोकळेपणाने बोलतात. पण एक विषय असा आहे, की तो सगळ्यांसमोर कुणी काढत नाही. सतरंजी गुंडाळायची वेळ झाली, की एखादी मागे रेंगाळते. इकडेतिकडे बघून म्हणते, "ताई, जांघेत फार खाज येते हो. सहा महिने झाले. ट्यूब लावली की बरं वाटतं, सोडली की पुन्हा." दुसरीला छातीखाली, तिसरीला परकराच्या नाडीच्या जागी, कमरेभोवती. कुणाच्या पायाच्या बोटांत चिखल्या, कुणाच्या नखांना सूज. दुखणी वेगवेगळी, पण बहुतेक वेळा कारण एकच, बुरशी.

आपल्याच अंगावरची भाडेकरू

लोणच्यावर, पावावर, कपाटातल्या चामडी चपलेवर येणारी बुरशी आपण रोज बघतो. तशाच जातकुळीतली, पण डोळ्यांना न दिसणारी बुरशी आपल्या अंगावरही असते. ऐकून कसंसंच वाटतं, पण ते अगदी नैसर्गिक आहे. 'मॅलॅसेझिया' नावाची बुरशी तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या त्वचेवर राहते आणि त्वचेच्या तेलावर जगते. 'कॅन्डिडा' तोंडात, आतड्यात, योनिमार्गात राहते. एरवी या दोघी निमूट असतात. त्वचा धड असेल, कोरडी असेल, अंगातली प्रतिकारशक्ती जागी असेल, तर त्यांचं काही चालत नाही. कुठे फट दिसली, की मात्र त्या हातपाय पसरतात. डॉक्टरी भाषेत यांना 'संधिसाधू' म्हणतात. इतकं चपखल नाव दुसरं नाही!

मॅलॅसेझियाने संधी साधली, की पाठीवर, मानेवर, छातीवर फिकट किंवा तपकिरी चट्टे उठतात. यांना आपण शिबं म्हणतो. डोक्यातल्या कोंड्यामागेही हीच असते. शिबं फारसं त्रास देत नाही, पण मनाला घोर लावतं. उपवर मुलीच्या मानेवर पांढरट चट्टा दिसला, की आईच्या पोटात गोळा येतो, हे कोड तर नव्हे? तसं पाहिलं तर कोडही काही पाप नाही आणि ते कुणाला लागतही नाही. पण दोन्ही अगदी वेगळी. शिब्याचा चट्टा नखाने हलकेच खरवडला, तर पिठासारखा बारीक कोंडा निघतो, कोडावर तसा निघत नाही. तरी निदान आपलं आपण न करता डॉक्टरांकडूनच करून घ्यावं. शिबं औषधाने जातं. बुरशी मेल्यावरही त्वचेचा रंग परत यायला मात्र काही महिने लागतात, म्हणून "औषध लागू पडलं नाही" असं समजून ते बदलत बसू नये.

कॅन्डिडाला आवडतात त्या ओल्या घड्या. छातीखाली, पोटाच्या वळीत, काखेत, जांघेत, बाळाच्या डायपरखाली. तिथे कातडी लालभडक, ओलसर होते, चुरचुरते आणि कडेला बारीक बारीक पुळ्या दिसतात. सतत पाण्यात हात असलेल्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यात आणि नखांच्या कडेलाही ती घर करते. भांड्यांचा साबण आणि पाणी यांनी नखाजवळची कातडी सुटते, त्या फटीत ही शिरते आणि नखुरडं होतं. धुण्याभांड्यांची चार घरं करणाऱ्या बाईचे हात एकदा नीट बघा. तिच्या नखांकडे आपलं कधी लक्ष गेलेलं असतं का?

तिसरी बुरशी गजकर्णाची, म्हणजे नायट्याची. ही अंगावर कायमची राहणारी नाही. माणसाकडून माणसाकडे, टॉवेलातून, चादरीतून, कपड्यांतून येते. त्वचेच्या वरच्या थरातलं केराटिन हे तिचं खाणं. ती कडेकडेने बाहेर सरकते, म्हणून तिचा चट्टा गोल कड्यासारखा दिसतो, मधे थोडा निवळलेला आणि कडेला लाल, उठलेला. आपल्या जुन्या वैद्यांनी हे नेमकं टिपलं होतं. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तो टाकळा नायट्यावर वापरत, म्हणून संस्कृतात त्याचं नाव 'चक्रमर्द', चक्राचा नाश करणारा. पण म्हणून आज नायट्यावर टाकळ्याचा पाला घासत बसा, असं मी सांगणार नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

संधी देतं कोण?

पहिली संधी देते ती ओल. घाम, दमट कपडे, दिवसभर पायात ओल्या चपला किंवा बंद बूट. त्यात हल्ली घट्ट जीन्स आणि लेगिंग्ज. घरात नायलॉनचे गाऊन, ज्यांतून वारा आत जात नाही आणि घाम बाहेर येत नाही. परकराची नाडी करकचून बांधायची आपली सवय तर जुनीच. नाडीखाली घाम साचतो, कातडी घासली जाते आणि बरोबर तिथेच कमरेभोवती नायटा उमटतो.

दुसरी संधी देते ती साखर. आमच्या ओळखीच्या एका काकूंची गोष्ट सांगते. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने भरलेल्या. छातीखाली आणि जांघेत वरचेवर लाल व्हायचं. त्या टाल्कम पावडर थापायच्या, खोबरेल लावायच्या, कधी सुनेची ट्यूब. अडीच वर्षं हे चाललं. घरात कुणाला सांगितलं नाही. "या वयात हे काय दाखवायचं?" असं त्यांचं म्हणणं. शेवटी पायाला जखम झाली, ती भरेना, म्हणून रक्त तपासलं, तर उपाशीपोटी साखर दोनशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, "तुमची कातडी केव्हाची सांगत होती, पण तुम्ही तिचं ऐकलं नाहीत."

मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. घड्यांमधला बुरशीचा संसर्ग किंवा योनीमार्गाची खाज पुन्हा पुन्हा होत असेल, तर मलमाबरोबर साखरही तपासून घ्या. रक्तात साखर जास्त असली, की बुरशीला खाद्य मिळतं आणि तिच्याशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. अनेक बायकांना मधुमेहाची पहिली चाहूल अशी खाजेतूनच लागते. कर्करोगावरचे उपचार, एचआयव्ही, मूत्रपिंड बदललेले रुग्ण, पोटातून स्टिरॉइड घेणारे रुग्ण यांनाही या बुरशींपासून जपावं लागतं.

या संधिसाधूपणाचं सगळ्यात भयानक रूप आपण २०२१ मध्ये पाहिलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोहोचला. खरं तर म्युकरमायकोसिसची ती बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा बंद करते, त्यामुळे मेलेला भाग काळा पडतो. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये तिचे रुग्ण फार मोठ्या संख्येने सापडले. कितीकांचे डोळे काढावे लागले, कितीकांचे जबडे, आणि कितीक घरांतली माणसंच गेली. तिची बीजं हवेत, मातीत एरवीही असतात. मग त्याच वर्षी एवढा हाहाकार का झाला? कारण आटोक्याबाहेर गेलेला मधुमेह आणि करोनासाठी दिलेली, कधी गरजेपेक्षा जास्त दिलेली स्टिरॉइड्स यांची गाठ पडली. नायट्याची बुरशी असा जीव घेत नाही, घाबरून जाऊ नका. पण साखर आणि स्टिरॉइड बुरशीला दार उघडून देतात, हा धडा दोन्हीकडे तोच आहे.

ट्यूब नावाची जादू

आता तिसऱ्या संधीकडे येऊ. ही आपण पैसे मोजून विकत आणतो.

खाज सुटली, की आपण काय करतो? नवऱ्याला किंवा मुलाला सांगतो, "येताना एक ट्यूब आण." दुकानदार हात मागे घालून एक ट्यूब काढतो. पन्नास-शंभर रुपयांची. लावल्यावर दोन दिवसांत खाज गायब, लाली गायब. जादूच! मग तीच ट्यूब शेजारणीला, बहिणीला, दिराला. घराघरांत फ्रिजच्या वर नाहीतर देवघराच्या फळीवर ती पिळलेली ट्यूब सापडेल.

अशा बऱ्याच ट्यूबांत तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक जोरदार स्टिरॉइड. जादू करतं ते स्टिरॉइड. खाज, लाली, सूज ही सगळी आपल्या प्रतिकारशक्तीच्या लढाईची लक्षणं. स्टिरॉइड ती लढाईच थांबवतं. घरात चोर शिरला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधावं, तसं हे. शांतता होते, आपल्याला वाटतं चोर पळाला. बुरशी मात्र निवांत पसरत असते. ट्यूब थांबवली, की दुप्पट जोराने खाज. मग पुन्हा ट्यूब. गोल चट्टा ओळखू येईनासा होतो, त्यामुळे डॉक्टरही फसू शकतात. कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत ताणल्यासारखे लाल-पांढरे व्रण उठतात. ते जन्मभर जात नाहीत.

आमच्याकडे एक नवी सून आली होती. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत तिला जांघेत नायटा झाला. सासूला सांगायची सोय नाही, नवऱ्याला सांगायची लाज. त्याच्याच कपाटात एक ट्यूब सापडली, ती ती वर्षभर लावत राहिली. म्हणजे नवऱ्यालाही तेच होतं आणि तोही गुपचूप तीच ट्यूब लावत होता! दोघं एकमेकांना नायटा देत होते आणि एकमेकांपासून लपवत होते. ती आमच्याकडे आली तेव्हा मांड्यांवर हे व्रण पडलेले होते. सव्विसाव्या वर्षी. "ताई, आता हे जाणार नाहीत का?" असं तिने विचारलं, तेव्हा काय उत्तर द्यावं मला कळेना. दोघांचे उपचार एकदम सुरू झाले, तेव्हा कुठे नायटा गेला. व्रण राहिले.

हा एकट्यादुकट्या घराचा प्रश्न नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर नायट्याची जणू साथच आली आहे. पूर्वी दोन-चार आठवड्यांत बरा होणारा नायटा आता महिनोन् महिने जात नाही. यामागे बुरशीची एक वेगळी जात आहे. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए' असं नाव दिलं. नावातच आपल्या देशाचा उल्लेख! टर्बिनाफिन हे नायट्यावरचं नेहमीचं हुकमी औषध. या जातीतल्या बऱ्याच बुरशींनी आपल्या एका जनुकात बदल करून घेतला आहे आणि ते औषध त्यांना बाधत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत या जातीचे पहिले रुग्ण नोंदवले गेले, न्यूयॉर्क शहरातल्या दोन स्त्रिया. त्यांतली एक तर अलीकडे परदेशी गेलेलीही नव्हती. आपल्या जांघेतला नायटा असा जगाच्या प्रवासाला निघाला आहे. टाकळ्याचा पाला, लसूण, चुना किंवा ते झणझणीत लोशन यांच्या भरवशावर राहू नका म्हणते ते यासाठीच. पूर्वीची बुरशी साधी होती, आताची नाही. लसूण-चुन्याने कातडी मात्र भाजते.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. आयएडीव्हीएल ही त्वचारोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना या स्टिरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध सातत्याने आवाज उठवत आली आहे. पूर्वी 'बाहेरून लावायचं औषध' म्हणून यांना सूट होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला आणि अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावर हे झालं. आपल्या नाक्यावर काय चालतं, ते तुम्ही जाणताच. म्हणून ट्यूब वाचायची सवय आपणच लावून घ्यायला हवी. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, ज्या नावाच्या शेवटी 'सोन' येतं ते बहुधा स्टिरॉइड. क्लोबेटासॉल हे त्यांतलं फार जोरदार. अक्षरं बारीक असतात, मुलीला किंवा नातवाला वाचायला लावा. हीच मलमं काही जणी चेहरा उजळण्यासाठी लावतात. त्याने काही दिवस चेहरा उजळ दिसतो, मग लाली, पुटकुळ्या आणि नको तिथे लव.

स्टिरॉइड मलम मुळात वाईट नाही. इसबासारख्या दुखण्यात डॉक्टर ते मोजून-मापून देतात आणि त्याचा गुण येतो. बुरशीवर, आपल्या मनाने, महिनोन् महिने लावलं, की ते घात करतं.

दोन बायका आणि एक पिंपरी

बुरशी आली तशी बुरशीवरची औषधंही आली. त्यांच्या जन्माची एक गोष्ट बायकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करत. एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, दुसरी रसायनशास्त्रज्ञ. एकीची प्रयोगशाळा न्यूयॉर्क शहरात, दुसरीची सव्वादोनशे किलोमीटरपेक्षा दूर ऑल्बनीत. मातीतून मिळवलेले नमुने काचेच्या बरण्यांत घालून त्या टपालाने एकमेकींना पाठवत. हो, आपण गावाहून लोणचं पाठवतो, तसंच! अशाच एका मातीतल्या जिवाणूपासून त्यांना बुरशी मारणारं आणि माणसाला देता येईल असं औषध सापडलं. १९५० मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं आणि आपल्या राज्याच्या नावावरून 'निस्टॅटिन' असं त्याचं बारसं केलं. कॅन्डिडावर ते आजही वापरतात. त्यातून सुमारे एक कोटी तीस लाख डॉलर मानधन मिळालं. दोघींनी ते स्वतःसाठी न ठेवता विज्ञान संशोधनाला देऊन टाकलं. १९६६ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला महापूर आला, तेव्हा भिजलेल्या जुन्या चित्रांवरची बुरशी हटवायलाही निस्टॅटिन उपयोगी पडलं.

अशीच एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राचीही आहे. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात मातीतल्याच एका जिवाणूपासून बुरशीवरचं 'हॅमायसिन' हे औषध काढलं. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे, 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना'.

हे सगळं सांगायचं कारण इतकंच, की एकेक औषध शोधायला माणसांनी अशी वर्षं खर्ची घातली आहेत. आपण अर्धवट डोस घेऊन, चुकीची ट्यूब लावून ती औषधं बोथट करत चाललो आहोत. नवी औषधं काही रोज सापडत नाहीत.

मग करायचं काय?

मंडळात आम्ही बायकांना जे सांगतो, ते इथे देते. कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंत तरी चालेल.

• दोन आठवड्यांत खाज किंवा चट्टा गेला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मुंबईत जे.जे., नायर, केईएम या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत त्वचाविभाग आहेत. गावाकडे जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा, त्यात संकोच कसला?

• चट्ट्यावरचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची साधी, स्वस्त तपासणी असते. शंका असेल तर ती करून घ्या.

• जाताना लावत असलेल्या सगळ्या ट्यूबा बरोबर न्या. लपवू नका. त्या बघूनच डॉक्टरांना पुढचं ठरवता येतं.

• मलम चट्ट्यावरच नव्हे, तर त्याच्या कडेबाहेर बोटभर लावायचं. बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते.

• खाज थांबली म्हणून औषध थांबवायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे, कधी त्याहून जास्त औषध चालू ठेवावं लागतं.

• घरात ज्याला ज्याला खाज आहे, त्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी. नवऱ्याचेही. एकाचा राहिला, की तो सगळ्यांना पुन्हा देतो.

• दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, यकृताचा त्रास असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील, तर आधी सांगा. बुरशीच्या पोटात घ्यायच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

• टॉवेल, कंगवा, अंतर्वस्त्रं, मोजे प्रत्येकाचे वेगळे. रुग्णाचे कपडे गरम पाण्यात धुवायचे, उलटे करून उन्हात घालायचे. ऊन नसेल तर शिवणींवर, नाडीच्या पट्टीवर कडक इस्त्री फिरवायची.

• आंघोळीनंतर घड्या, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. घासायच्या नाहीत. मगच कपडे घालायचे.

• सुती आणि सैल कपडे. नाडी रोज थोडी वर-खाली बांधायची किंवा रुंद पट्टी लावायची.

• खाजवून खाजवून कातडी सोलली असेल तर त्यावर हळद, तेल, पावडर, काही थापायचं नाही.

• भांडी घासताना रबरी हातमोजे, आत पातळ सुती मोजे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनाही एक जोड द्या. तिच्या बोटांना नखुरडं झालं, तर तिचा खाडा कापू नका, तिला दवाखान्यात पाठवा.

• पुन्हा पुन्हा होत असेल, तर साखर तपासा.

आमच्या मंडळात या विषयावर पहिल्यांदा चर्चा ठेवली, तेव्हा नाव काय द्यावं यावरच अर्धा तास गेला. 'त्वचेचे आरोग्य' असं गुळमुळीत नाव देऊन बघितलं, सातजणी आल्या. पुढच्या वेळी फळ्यावर सरळ लिहिलं, 'खाज येते? या.' वाडीतल्या कॅथलिक आंट्या आल्या, चाळीतल्या मावश्या आल्या, कॉलेजातल्या मुली आल्या. बसायला सतरंजी पुरेना. एका आंटीने सगळ्यांदेखत विचारलं, "मला पण आहे, आता बोला!" आणि मग एकेक करत सगळ्याच बोलू लागल्या. त्या दिवशी नऊजणींनी पिशवीतून आपापल्या ट्यूबा काढून टेबलावर ठेवल्या. वाचून पाहिल्या, तर सातांमध्ये स्टिरॉइड.

तुमच्या गावातही हे सहज करता येईल. हळदीकुंकू असेल, भिशी असेल, बचत गटाची बैठक असेल. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि प्रत्येकीला घरातली ट्यूब बरोबर आणायला सांगा. एखाद्या वाचता येणाऱ्या मुलीला मध्ये बसवून 'सोन' शोधायला लावा. ज्या ट्यूबेत ते सापडेल, ती पुन्हा फ्रिजवर जाणार नाही एवढं बघा, आणि जिची ती ट्यूब असेल तिला एकटीला दवाखान्यात पाठवू नका, कुणीतरी बरोबर जा. फार दिवस लावलेली ट्यूब एकदम बंद केली, तर सुरुवातीला खाज वाढते. तेव्हा बाई घाबरते आणि पुन्हा तीच ट्यूब उचलते. त्या आठवड्यात तिला सोबत लागते.